स्कायरिम या व्हिडिओ गेममध्ये गुहेतला माल विकूनही हातात पैसे का राहत नाहीत?

दिसेल ते उचलता म्हणून. सुरुवातीला फक्त ३०० वजन पेलतं. लोखंडी ग्रेटसोर्डचं वजन १६, किंमत ५०. सोन्याची अंगठी जेमतेम पाव वजनाची, किंमत ७५! मग तलवार कशाला वाहायची? किंमत भागिले वजन, दहाच्या खाली आलं की तिथेच टाका. (मी पहिल्यांदा बादल्यासुद्धा गोळा केल्या होत्या.)

दुकानदार छापील किमतीपेक्षा बराच कमी भाव देतो, शिवाय त्याचा गल्लाही लवकर रिकामा होतो. तो गेममधल्या ४८ तासांनी पुन्हा भरतो, तोवर दुसरं गाव गाठा.

खरी कमाई मात्र अल्केमीत, म्हणजे वनस्पतींसारख्या गोष्टींपासून औषधं बनवण्यात आहे. वाटेतली फुलं, बुरशी तोडत चला. औषधं हलकी असतात आणि चांगला भाव देतात.