पाच मिनिटांचं भाषण, आठ मिनिटांचा मजकूर

प्रश्न : बारावीचा प्रकल्प ठाणे खाडीच्या पाण्याच्या क्षारतेवर आहे. भाषणाला पाच मिनिटं, घरी आठ लागतात. काय गाळू? (विद्यार्थिनी, ऐरोली)

उत्तर : आधी प्रस्तावना छाट. खाडी 2022 मध्ये रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आली, एवढं एक वाक्य पुरे. सावकाश बोललं तर पाच मिनिटांत साधारण पाचशे शब्द मावतात. निम्मे निष्कर्षांना दे. अख्खा तक्ता वाचू नकोस. भरती-ओहोटीचं एकेक माप सांग आणि कारणही: भरतीला समुद्राचं पाणी आत शिरतं, म्हणून क्षार वाढतात. परीक्षक खोदून विचारतील ते इथेच. पाठ फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं. सगळं घोकलं की एक शब्द निसटला तरी गाडी अडते. बाकीचे मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या चार कार्डांवर, क्रमांक टाकून (कार्डं हातातून पडतातच!). सराव मोठ्यानं, उभ्यानं, घड्याळ लावून कर.