ऐनवेळच्या विषयांत ढकललेला प्रश्न

प्रश्न : आमच्या डाव्या कामगार संघटनेत निम्म्याहून अधिक सभासद स्त्रिया आहेत, कार्यकारिणीत मात्र मी एकटीच असून इतिवृत्त लिहिणे आणि चहाचे पाहणे ही कामे माझ्याकडे असतात. मुकादमाची लगट किंवा घरातली मारहाण हे विषय काढले, की ‘ताई, याने कामगारांत फूट पडेल, आधी मजुरीचे मिटू द्या’ असे म्हणून ते ऐनवेळच्या विषयांत ढकलले जातात. माझे काही चुकते आहे का?
– एक कार्यकर्ती (नाव छापू नये)

उत्तर : तुमचे चुकत नाही. हे दुखणे जुने आहे आणि वरपर्यंत पोहोचलेले आहे. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष १९६४ मध्ये स्थापन झाला, पण त्याच्या पॉलिट ब्युरोत, म्हणजे सर्वोच्च नेतृत्व मंडळात, पहिली स्त्री, वृंदा करात, २००५ मध्ये आली. त्याआधी १९९८ च्या कोलकाता अधिवेशनात स्त्रियांना पुरेसे स्थान नाही म्हणून त्यांनी केंद्रीय समितीवर जाण्यास नकार दिला होता. केरळच्या के. आर. गौरी १९५७ च्या पहिल्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात महसूलमंत्री होत्या. १९८७ च्या निवडणुकीत ‘केरळवर गौरी राज्य करील’ अशा अर्थाची घोषणा घुमली, डावी आघाडी जिंकली, आणि मुख्यमंत्री झाले ई. के. नायनार. त्यामागे जात आणि पक्षांतर्गत गणितेही होती असे मानले जाते. तरीही, मते मागताना बाई चालली, हे उरतेच.

आपल्याकडे १९७२ च्या सुमारास मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांचे डाव्यांनी भरभरून कौतुक केले, कारण तो राग सरकारवर होता. रोख घरातल्या पुरुषाकडे वळला, की हाच उत्साह मावळतो.

फुटीचा युक्तिवाद तर उत्तर महाराष्ट्रातल्या शहाद्यानेच खोटा पाडला आहे. सत्तरच्या दशकात तिथल्या श्रमिक संघटनेतल्या भिल्ल स्त्रिया जमीन आणि मजुरीसाठी लढत होत्या, आणि त्याच स्त्रियांनी गावोगाव दारूची मडकी फोडली व बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. मजुरी गुत्त्यावर जात असेल आणि मुकादमाच्या भीतीने बाई कामाला जाणे टाळत असेल, तर हा मजुरीचाच प्रश्न नव्हे काय?

तेव्हा पुढच्या बैठकीआधी विषय लेखी द्या, सूचक व अनुमोदक मिळवा आणि तो कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला लावा. तहकूब झाला, तर कोणी, कोणते कारण देऊन आणि कोणत्या तारखेपर्यंत तहकूब केला, हे इतिवृत्तात नोंदवा. लेखणी तुमच्याच हाती आहे. मुकादमाबाबत मात्र संघटनेच्या होकाराची वाट पाहू नका. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार, दहापेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते, एरवी आस्थापनेच्या अंतर्गत समितीकडे. तक्रार लेखी आणि साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते.