इंग्लंडच्या खेड्यातलं 'ओल्ड वर्कहाउस' नावाचं चार खोल्यांचं कॉटेज खरंच वर्कहाउस, म्हणजे निराधारांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घ्यायची जागा, असेल का?
असू शकतं, 1834 च्या नव्या गरीब कायद्यापूर्वी वर्कहाउस बहुधा एकेका पॅरिशचं (एका चर्चच्या हद्दीतल्या स्थानिक विभागाचं) असायचं आणि खेड्यात त्याला साधं घरही पुरायचं. 1723 च्या कायद्याने पॅरिशना असं घर विकत किंवा भाड्याने घ्यायची मुभा मिळाली. तिथे निराधारांकडून सूतकताईसारखी कामं करून घेत. तुरुंगासारख्या अवाढव्य इमारती बहुतांशी 1834 नंतरच्या, अनेक पॅरिश मिळून केलेल्या 'युनियन'च्या. त्या उभ्या राहिल्यावर जुनी घरं विकली गेली, मजुरांची बिऱ्हाडं आली. नुसत्या नावावर मात्र विसंबू नका, कित्येकदा ते गरिबांना फुकट राहायला दिलेलं पुअरहाउसच असायचं, कामबिम काही नाही. काउंटी रेकॉर्ड ऑफिसात पॅरिशच्या ओव्हरसियरांचे (गरिबांच्या मदतीचं काम बघणाऱ्यांचे) हिशेब आणि 1836 नंतरचे टाइथ नकाशे, म्हणजे चर्चच्या दशांश करासाठी केलेले जमिनीचे नकाशे, बघा. नकाशासोबतच्या यादीत मालक आणि राहणारा, दोघांची नावं असतात.