खुलासा खोडून टाक

अगं पोरी,

गाणं ऐकलं. सोबतचा दीड पानी खुलासाही वाचला, आणि खरं सांगतो, त्या खुलाशाने डोकं उठलं. बाबांचं दुकान बंद पडल्याचं दुःख नाचाच्या गाण्यात घातलं तर ते थिल्लर होईल का, आणि नाचणाऱ्यांना ते कळलंच नाही तर काय, हे तुझे दोन प्रश्न. पहिल्याचं उत्तर, नाही होत. दुसऱ्याचं, न कळू दे. खुलासा खोड.

न्यू ऑर्डर या इंग्लिश बँडचं नाव तूच काढलंस, म्हणून त्यांचंच सांगतो. मँचेस्टरची ही मंडळी आधी जॉय डिव्हिजन होती. 18 मे 1980 ला, अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्याच्या तोंडावर, त्यांचा गायक इयन कर्टिस याने आत्महत्या केली. वय 23. नव्या नावाने काढलेला पहिला अल्बम तर सुतकातच गेला. मग न्यूयॉर्कच्या क्लबांतलं संगीत कानात शिरलं. अमेरिकेत 1979 मध्ये शिकागोच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवून झाल्या होत्या, डिस्को मेला म्हणून लोक मोकळे झाले होते. यांनी नेमकं तेच उचललं. किकची, म्हणजे ड्रमच्या जाड ठोक्याची, धाटणी डिस्को गायिका डोना समरच्या एका गाण्यातून घेतली आणि मार्च 1983 मध्ये ‘ब्लू मंडे’ आणलं.

ते पुन्हा ऐक, पण हेडफोन लावून. आधी नुसतं ड्रम मशीन, आणि तो किक मध्येच सलग तडतडत सुटतो. मग सिंथची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची, धून. बँडमधल्या गिलियन गिल्बर्टकडून सीक्वेन्सरमध्ये, म्हणजे भरलेले सूर ओळीने आपोआप वाजवणाऱ्या यंत्रात, सूर भरताना एक सूर सुटला, त्यामुळे ती धून ठेक्यापासून जराशी सरकलेली आहे. ठेवली तशीच! गाणं साडेसात मिनिटांचं आणि पहिला शब्द यायला दोन मिनिटं लागतात. येतो तोही कसा, तर बर्नर्ड समनर फलाटावरच्या घोषणेसारखा कोरडा गातो. ‘मला असं वागवताना तुला कसं वाटतं’ अशा अर्थाचा प्रश्न, आणि आवाजात रडणं औषधालाही नाही.

बरं, ‘ब्लू मंडे’ हे शब्द त्या गाण्यात कुठेच नाहीत. पीटर सॅव्हिलने केलेलं कव्हर फ्लॉपी डिस्कसारखं कापलेलं, वर बँडचं नाव नाही, गाण्याचं नाव नाही. कडेला रंगांचे ठोकळे, त्यांत मजकूर सांकेतिक भाषेत, आणि त्या संकेताची किल्ली दुसऱ्याच अल्बमच्या मागच्या बाजूला. कुणाला गाण्याच्या शब्दांत ब्रिटन-अर्जेंटिनाचं फॉकलंडचं युद्ध दिसतं, कुणाला कर्टिस, कुणाला अमली पदार्थ. तू मला विचारलंस, यातलं खरं कोणतं? मला फरक पडत नाही, आणि तुलाही पडता कामा नये. इतक्या वर्षांनीही लोक भांडतायत आणि नाचतायत. खुलासा दिला असता तर भांडणही मिटलं असतं आणि गाणंही.

त्यांचंच 1987 चं ‘ट्रू फेथ’ घे. उजळ, सकाळच्या उन्हाचं गाणं, आणि आत हेरॉइनच्या आहारी गेलेला माणूस. मूळच्या एका ओळीत नशेचा उल्लेख थेट होता. निर्माता स्टीफन हेग याच्या सांगण्यावरून रेडिओसाठी ती बदलली. ओळ गेली तरी आतला माणूस गेला नाही. अर्थ असा एका ओळीत राहत नसतो, बाई.

आता तू म्हणशील, एकनाथांनी भारुडात विंचू म्हणजे काम-क्रोध हे सांगितलंच की. सांगितलं. पण लगेच अंगाला घामही फोडला. तुझ्या दीड पानात घाम कुठाय?

मलाही एकदा एका निर्मात्याने ‘संदेश जरा स्पष्ट करा’ म्हणून गाणं परत पाठवलं होतं. मी केला नाही. काम दुसऱ्याला गेलं आणि त्या वर्षी घरात पैशांची ओढाताण झाली. तुझी काकू अजून म्हणते की हा नुसता हेकेखोरपणा. असेल. दोन ओळी घातल्या असत्या तर ते गाणं त्या वर्षी गणपतीत वाजलं असतं आणि दिवाळीपर्यंत विसरलं गेलं असतं, असं मी तिला सांगतो. तिला पटत नाही. (कधी कधी मलाही.) रुखरुख एकच आहे, पुढे ते मी कुणालाच ऐकवलं नाही. पेटीत पडून आहे.

म्हणून तुझ्यावर चिडतो. ‘शटर अर्धं खाली, आत दिवा चालू’ ही ओळ तुला सुचली आणि तिच्यापुढे तू ‘व्यवस्थेने गिळलं’ लिहिलंस! व्यवस्था काढ. शटर चार वेळा येऊ दे, चौथ्यांदा गाऊच नकोस, नुसता बेस वाजू दे. बेस सध्या फारच दबलाय, तो वर घे. आणि बाबांना ऐकवायचं की नाही, हे मला विचारू नकोस; ऐकवलंस तर आधी काही सांगू मात्र नकोस.

नवी फाइल रविवारपर्यंत पाठव. सोबत एक अक्षर नको.

तुझा,
काका