मास्टर्स डिग्री मिळवायला नक्की काय काय पूर्ण करावं लागतं? सगळे पेपर सुटले की झालं का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, सगळे पेपर सुटले की डिग्री मिळते का, थीसिस म्हणजे संशोधनाचा प्रबंध लागतोच का आणि नोकरी सांभाळून होतं का. पहिल्याचं उत्तर, नाही. पेपर सुटायलाच हवेत हो, पण तेवढ्यावर भागत नाही. मी एका युनिव्हर्सिटीत पीजी म्हणजे पदव्युत्तर सेक्शनला आहे, शेवटच्या सेमिस्टरच्या मुलांचं रेकॉर्ड नियमांशी ताडून बघायचं आणि नाव डिग्रीसाठी पुढे पाठवायचं की थांबवायचं हे माझं रोजचं काम. नापास झाला म्हणून नाव थांबलं असं त्यामानाने कमी होतं, बहुतेक वेळा एखादी अट राहून गेलेली असते आणि ती अट आहे हेच त्या बिचाऱ्याला माहीत नसतं.

आधी क्रेडिटचं, म्हणजे अभ्यासाचं काम मोजायच्या मापाचं बघू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच. अमेरिकेत मास्टर्सला साधारण ३० ते ३६ क्रेडिट लागतात, ब्रिटनमध्ये १८० आणि युरोपातल्या बाकी बऱ्याच देशांत ९० ते १२०. हे आकडे बघून लोक घाबरतात की ब्रिटनवाले सहापट अभ्यास करून घेतात की काय, तर तसं काही नाही, प्रत्येकाचं माप वेगळं आहे. ब्रिटनचा एक क्रेडिट म्हणजे लेक्चर, वाचन, असाइनमेंट सगळं धरून १० तासांचं काम, युरोपचा एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं, आणि अमेरिकेत सेमिस्टरभर आठवड्याला एक तास वर्ग अधिक घरचा अभ्यास म्हणजे एक क्रेडिट. भारतातलं माप साधारण अमेरिकेसारखंच, फक्त २०२० च्या नवीन शैक्षणिक धोरणानंतर रचना बदलत चाललीय, तीन वर्षांची पदवी असेल तर मास्टर्स दोन वर्षांचं, चार वर्षांची असेल तर एका वर्षात होऊ शकतं, आणि दोन वर्षांच्या कोर्समधून पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलात तर पीजी डिप्लोमा हातात मिळतो. ब्रिटनमध्ये पण तसंच, १२० क्रेडिट झाले आणि डिसर्टेशन म्हणजे शेवटचा प्रबंध नाही जमला तर पीजी डिप्लोमा देतात.

आता खरी गंमत पुढे आहे. क्रेडिटची नुसती बेरीज बघत नाहीत, कुठले क्रेडिट धरायचे हे बघतात. अमेरिकन पद्धतीचं एक रेकॉर्ड समजा समोर आहे. अट ३० ची, मुलाचे झालेत ३३, तो खुश. मी बघायला घेतलं तर एक ३ क्रेडिटचा कोर्स बॅचलर्स लेव्हलचा, बेसिक कच्चं होतं म्हणून डिपार्टमेंटनेच करायला लावलेला, तो मास्टर्सच्या हिशोबात येत नाही. अजून एका ३ क्रेडिटच्या कोर्सात सी ग्रेड, आणि त्याच्या प्रोग्रॅमला बी च्या खाली असलेला कोर्स धरतच नाहीत. तिसरा कोर्स, तोही ३ क्रेडिटचा, त्याने ग्रेड सुधारायला परत केला, तो यादीत दोनदा दिसतोय पण धरायचा एकदाच. झाले किती, २४. आणि हे सगळं कळतं कधी तर शेवटच्या सेमिस्टरला, जेव्हा नवीन कोर्स घ्यायची तारीख उलटून गेलेली असते.

ग्रेडचं अजून एक. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मास्टर्सला सरासरी ३.० म्हणजे बी ठेवावी लागते, चारपैकी. म्हणजे एकही विषय न उडता, सगळे पास होऊनसुद्धा सरासरी २.९ राहिली की डिग्री अडकते, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असं मी का म्हटलं ते यावरून लक्षात येईल. ब्रिटनमध्ये पासिंग ५० ला, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन, आपल्याला ७० म्हणजे काय विशेष वाटतं पण तिथे ते मिळवताना घाम फुटतो. शिवाय कम्पल्सरी विषय, इलेक्टिव्ह म्हणजे ऐच्छिक विषय किती आणि कुठल्या गटातले, रिसर्च मेथडॉलॉजी, इंटर्नशिप असेल तर ती, हे प्रत्येक प्रोग्रॅमचं वेगळं. आणि हो, नियम लागू होतात ते साधारणपणे तुम्ही ॲडमिशन घेतली त्या वर्षीचे. सीनियर सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका, त्याच्या बॅचचे नियम वेगळे असू शकतात आणि तो बिचारा मनापासूनच चुकीचं सांगत असतो. तुमच्या वर्षीची नियमावली डाउनलोड करून ठेवा, वेबसाइटवर नंतर नवीन चढवतात आणि जुनी शोधत बसावं लागतं.

थीसिस सगळीकडे लागत नाही. कितीतरी प्रोग्रॅममध्ये थीसिस किंवा प्रोजेक्ट किंवा शेवटी एक मोठी सर्वसमावेशक परीक्षा असा पर्याय असतो, बिनथीसिसवाल्याला त्याऐवजी जास्तीचे कोर्स करावे लागतात. माझं स्पष्ट मत, पुढे पीएचडी करायची असेल तरच थीसिस घ्या, किंवा एखाद्या विषयाचं खरंच वेड असेल तर. नोकरीसाठी डिग्री हवी असेल तर कोर्सवाला मार्ग घ्या, त्यात कमीपणा काही नाही. थीसिसचं काम कधी संपेल हे तुमच्या एकट्याच्या हातात नसतं, गाईड सुट्टीवर गेले, थीसिस तपासणाऱ्या कमिटीतल्या तिघांना एकच तारीख जमेना, असं करत करत सेमिस्टर निघून जातं आणि नुसतं नाव चालू ठेवायला परत फी भरावी लागते.

घेतलाच थीसिस तर एक गोष्ट ठळक अक्षरात लिहून ठेवा. माणसांकडून माहिती घेणार असाल, सर्वे असो, मुलाखती असोत, पेशंटचं रेकॉर्ड असो, तर एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात माणसांना त्रास होत नाही ना हे बघणाऱ्या समितीची परवानगी आधी घ्यायची की लागतच नाही हे गाईडकडून पहिल्या दिवशी विचारून घ्या. आधी म्हणजे पहिला फॉर्म भरून घ्यायच्या आधी. मुलं काय करतात, गुगल फॉर्म फिरवून दोनशे उत्तरं जमवतात आणि मग परवानगीचा अर्ज टाकतात. मागच्या तारखेने परवानगी देत नाहीत, कमिटीची इच्छा असली तरी देता येत नाही, आणि तो डेटा बहुतेक वेळा थीसिसमध्ये वापरू देत नाहीत. परत पहिल्यापासून.

मग सिमिलॅरिटी चेक, म्हणजे तुमचा मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी किती जुळतो याची तपासणी. भारतात यूजीसीचे म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत, १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर कारवाई नाही, १० ते ४० मध्ये दुरुस्त करून परत द्यायचं आणि त्यालासुद्धा जास्तीत जास्त सहा महिने, ४० ते ६० मध्ये एक वर्ष सबमिटच करता येत नाही, ६० च्या वर रजिस्ट्रेशन रद्द. संदर्भसूची आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं यात धरत नाहीत, त्यामुळे रिपोर्टवर पहिला आकडा मोठा दिसला की लगेच रडायचं नाही, ते वगळून काढायला सांगा. बाहेरच्या युनिव्हर्सिटीत असा ठरलेला आकडा नसतो बहुधा, तिथे माणूस बसून रिपोर्ट वाचतो.

व्हायवा म्हणजे थीसिसची तोंडी परीक्षा झाली, सगळ्यांनी अभिनंदन केलं, की मुलांना वाटतं सुटलो. पण निकाल बऱ्याचदा 'दुरुस्त्यांसह मान्य' असा असतो आणि त्या दुरुस्त्यांना तारीख असते. त्यानंतर फॉरमॅट तपासणी, बाइंडिंगच्या बाजूचा समास कमी, सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे नाहीत, टायटल पेजवरचं नाव ॲडमिशनच्या नावाशी जुळत नाही. मी स्वतः असे थीसिस परत पाठवते, शिव्या खाते, पण लायब्ररी ते घेत नाही तर मी तरी काय करू.

नोकरी सांभाळून होतं का, तर होतं, पार्ट टाइम प्रोग्रॅम त्यासाठीच असतात. फक्त एकूण मुदत बघा. अमेरिकेत साधारण पाच ते सात वर्षांत सगळं पूर्ण व्हावं लागतं, त्याहून जुने कोर्स बाद धरतात. मधे नोकरीमुळे ब्रेक घ्यायचा असेल तर लेखी रजा मंजूर करून घ्या, न सांगता सेमिस्टर सोडलं की नाव कमी होतं आणि परत ॲडमिशन घेतली तर नवीन वर्षाचे नियम लागतात. आणि दुसरीकडून क्रेडिट आणायचे असतील तर त्यालाही मर्यादा असते, सगळे कुठूनतरी गोळा करून इथे फक्त शिक्का मारून घ्या असं चालत नाही.

शेवटचं म्हणजे डिग्रीचा अर्ज. बऱ्याच ठिकाणी डिग्री आपोआप मिळत नाही, ती मागावी लागते, आणि त्या फॉर्मची तारीख सेमिस्टरच्या सुरुवातीलाच असते जेव्हा तुमचा थीसिस अर्धाही झालेला नसतो. तरी भरून टाका, काम नाही झालं तर पुढच्या वेळी ढकलता येतो. लायब्ररी, हॉस्टेल, फी यांचं नो ड्यूज म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा दाखला पण त्याच सुमारास बघून घ्या. आणि कंपनी कागद मागत असेल आणि पदवीदान समारंभाला वेळ असेल तर ऑफिसमधून कोर्स पूर्ण झाल्याचं पत्र किंवा प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरतं सर्टिफिकेट मागा, मागितलं तर देतात, पण स्वतःहून कोणी हातात आणून देत नाही.