टीएसएच ६.८, टी३-टी४ नॉर्मल: गोळी सुरू करावी का?

तुम्ही विचारलंय: वय ३४, टीएसएच ६.८, बाकी (टी३, टी४ ही थायरॉइडची संप्रेरकं) नॉर्मल, थकवा, चार किलो वजन वाढलंय आणि हातात थायरॉइडच्या २५ मायक्रोग्रॅमच्या गोळीची चिठ्ठी. टीएसएच म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारा मेंदूकडचा निरोप; ग्रंथी मंदावली की तो वाढतो. एवढ्यावर मी गोळी सुरू करणार नाही. आधी तपासणी पुन्हा, दोन-तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, सकाळी त्याच वेळेला. टीएसएच रात्री चढतो आणि दुपारी उतरतो, त्यामुळे सकाळी सातचा आणि दुपारी दोनचा आकडा शेजारी ठेवून काही कळत नाही. नुकताच डेंग्यू, टायफॉइड असं काही झालं असेल तर बरं होतानाही तो काही आठवडे वर राहतो. ६-७ चे आकडे दुसऱ्या वेळी आपोआप खाली आलेले भरपूर दिसतात.

पुढच्या वेळी फ्री टी४ (रक्तातला मोकळा टी४) आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची अँटीबॉडी) लिहून घ्या. स्वस्त पॅकेजमध्ये बहुतेकदा टोटल टी४ असतो, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तो उगाच फुगलेला दिसतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर निदान दोन दिवस आधी बंद. काही मशिनांवर त्याने टीएसएच खोटा कमी येतो, म्हणजे खरा आकडा ६.८ पेक्षा जास्तही असू शकतो.

टीएसएच १० च्या वर टिकून असेल किंवा फ्री टी४ कमी असेल तर गोळी घ्या, त्यात वाद नाही. वाद आहे तो ४.५ ते १० मधल्यांचा. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असेल तर लक्ष ठेवायला हवं: इंग्लंडमधल्या व्हिकमच्या २० वर्षांच्या पाठपुराव्यात टीएसएच वाढलेला आणि अँटीबॉडीही असलेल्या बायकांपैकी वर्षाला ४.३ टक्के पूर्ण हायपोथायरॉइडकडे (थायरॉइड कमी पडण्याकडे) गेल्या, नुसता टीएसएच वाढलेल्यांपैकी २.६ टक्के. म्हणजे घाई नाही, सहा महिने-वर्षाने तपासणी पुरते.

"घेतली गोळी तर बिघडतं काय?" हे आमच्या मेहुण्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांचं मेडिकल आहे. त्यांच्या आईंचा, वय ७१, टीएसएच ५.९ आला. त्या वयात तो थोडा वर असणं नेहमीचंच. ५० सुरू झाली, दोन महिन्यांत टीएसएच २ वर आला, थकवा मात्र तसाच. मग ७५, मग १००. टीएसएच ०.०८ झाला, छातीत धडधड सुरू झाली, ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) निघालं आणि रक्त पातळ करायची गोळी मागे लागली. हिमोग्लोबिन कुणी बघितलंच नव्हतं, ते ८.६ होतं, म्हणजे बरंच कमी! आकडा नॉर्मल होऊनही त्रास तोच राहिला, तर कारण थायरॉइड नाही, आणि तिथे डोस वाढवायचा नसतो. २०१७ साली ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांवरचा ट्रस्ट हा अभ्यास आला. निम्म्यांना वर्षभर खरी गोळी, निम्म्यांना खोटी, थकव्यात म्हणावा असा फरक नाही. मेहुण्यांना तो छापून दिलाय, बघू.

म्हणून तुम्ही सीबीसी (हिमोग्लोबिन त्यात येतं), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२ करून घ्या, आणि झोप किती होते तेही बघा. चार किलोंचं खापर ६.८ वर फोडू नका. उघड हायपोथायरॉइडमध्येसुद्धा वजन थोडंच वाढतं आणि त्यात मीठ-पाणीच जास्त.

घ्यायचीच ठरली तर उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या आधी निदान अर्धा तास. लोह आणि कॅल्शियम चार तासांनी. बाटलीतल्या गोळ्या आठवड्याच्या डबीत काढून ठेवू नका, दमट हवेत खराब होतात. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून मगच टीएसएच. औषध शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो, म्हणून सहा आठवड्यांआधीचा आकडा अर्धवट असतो.

थायरॉइड काढलेल्यांनी किंवा रेडिओआयोडीन (थायरॉइड निकामी करायचं किरणोत्सारी औषध) घेतलेल्यांनी हे वाचून गोळी बंद करू नये. आणि तुम्ही गरोदर असाल किंवा मूल हवं म्हणून प्रयत्न करत असाल, तर दोन-तीन महिने थांबायचा सल्ला तुमच्यासाठी नाही. तिथे ४ च्या वरचा टीएसएचही गांभीर्याने घेतात आणि ६.८ ला गोळी देणं बरोबरच असतं. याच आठवड्यात डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.