अमेरिकन फुटबॉलमध्ये फुलबॅक नेमके काय करतो? माझ्या भाच्याला शाळेच्या संघात हे स्थान दिले आहे, ही बढती समजावी की बाजूला सारणे?

तुम्ही लिहिले आहे की भाचा आधी चेंडू घेऊन धावत असे आणि आता प्रशिक्षकांनी त्याला फुलबॅक केल्यापासून त्याच्या हाती चेंडू जवळपास येतच नाही. ही शंका स्वाभाविक आहे. तिचे उत्तर मी लोरेन्झो नील या व्यावसायिक फुलबॅकच्या कारकिर्दीवरून देतो, कारण या स्थानाचे मोल आणि त्याची उपेक्षा या दोन्ही गोष्टी त्याच्या कारकिर्दीत जितक्या स्पष्ट दिसतात, तितक्या मला दुसऱ्या कोणाच्याही कारकिर्दीत दिसलेल्या नाहीत.

प्रथम काम समजून घेऊ. पारंपरिक रचनेत चढाई चालवणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या मागे फुलबॅक आणि त्याच्या मागे चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक असे तिघे एका रेषेत उभे असतात. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात पडताच फुलबॅक समोरच्या लाइनमनच्या, म्हणजे आघाडीच्या रांगेतील धिप्पाड खेळाडूंच्या, भिंतीतील ठरलेल्या फटीत घुसतो आणि ती फट बुजवण्यासाठी पलीकडून धावत येणाऱ्या लाइनबॅकरला, म्हणजे बचाव फळीच्या दुसऱ्या रांगेतील खेळाडूला, अंगावर घेतो. रनिंग बॅक त्याच्या पाठीमागून येतो आणि धडक कोणत्या बाजूला झुकली आहे हे पाहून क्षणात आपली दिशा ठरवतो. म्हणजे फुलबॅकला प्रतिस्पर्ध्याला केवळ अडवायचे नसते, तर आपल्या मागच्या माणसाला सोयीचे होईल अशा बाजूला ढकलायचे असते, आणि तेही मागे काय चालले आहे हे न पाहता. या कामाची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. क्रिकेटमध्ये झेल घेणाऱ्याचे नाव निदान धावफलकावर येते. फुलबॅकला तेवढाही मान नाही.

लोरेन्झो नील कॅलिफोर्नियातील लेमूरच्या शाळेतून फ्रेस्नो स्टेट विद्यापीठात गेला. तेथे तो फुटबॉलबरोबर कुस्तीही खेळत असे, आणि कुस्तीत त्याने ‘ऑल-अमेरिकन’ हा राष्ट्रीय पातळीवरचा मान मिळवला होता. ही बाब मला महत्त्वाची वाटते. उंचीने सहा फुटांहून किंचित कमी आणि वजनाने सुमारे 115 किलो असलेला हा माणूस प्रतिस्पर्ध्याच्या छातीखाली शिरून त्याचा तोल काढत असे, आणि हे कौशल्य निव्वळ ताकदीतून येत नाही, आखाड्यात किंवा मॅटवर घालवलेल्या वर्षांतून येते. 1993 साली एनएफएल या व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत न्यू ऑर्लिन्स सेंट्स संघाने त्याला चौथ्या फेरीत घेतले. तुमच्या भाच्याच्या दृष्टीने सांगण्यासारखी गोष्ट अशी की तेव्हा नीलसुद्धा चेंडू घेऊन धावत होता आणि उत्तम धावत होता. पहिल्या हंगामात त्याने अवघ्या 21 वेळा चेंडू घेऊन धावत 175 यार्ड काढले, पण दुसऱ्याच सामन्यात घोट्याला गंभीर दुखापत झाली आणि तो हंगाम तेथेच संपला. पुढे त्याची ओळख इतरांसाठी वाट मोकळी करणारा अशीच झाली.

आता त्या ओळखीचे मोजमाप पाहा. एका हंगामात 1000 यार्ड धावणे ही रनिंग बॅकच्या यशाची रूढ कसोटी आहे. 1997 साली नील न्यूयॉर्क जेट्समध्ये गेला आणि त्याच्या मागून धावणाऱ्या एड्रियन मरेलने 1086 यार्ड काढले. पुढच्या वर्षी तो टॅम्पा बे बकनीअर्समध्ये होता, तेथे वॉरिक डनने हजाराचा टप्पा ओलांडला. त्यानंतर टेनेसी टायटन्समध्ये दोन वर्षे एडी जॉर्जने, सिनसिनाटी बेंगॉल्समध्ये दोन वर्षे कोरी डिलनने आणि सॅन डिएगो चार्जर्समध्ये 2003 ते 2007 अशी सलग पाच वर्षे लाडेनियन टॉमलिन्सनने तेच केले. पाच संघ आणि पाच वेगवेगळे धावपटू असूनही अकरा वर्षांत एकदाही खंड पडला नाही. या सर्व हंगामांतील त्यांच्या यार्डांची बेरीज पंधरा हजारांच्या वर जाते, तर सोळा हंगामांच्या संपूर्ण कारकिर्दीत नीलचे स्वतःचे धावण्याचे यार्ड आठशेच्या आसपास आहेत. जॉर्ज, डिलन आणि टॉमलिन्सन हे नीलशिवायही थोर खेळाडू होते, हे मान्य करायलाच हवे. तरीही मरेलपासून टॉमलिन्सनपर्यंत सगळ्यांच्या पुढे एकच माणूस धावत होता, याला योगायोग म्हणायला मी तयार नाही.

2006 चा हंगाम हा या साऱ्याचा कळस होता. टॉमलिन्सनने त्या वर्षी 1815 यार्ड धावून एकूण 31 टचडाउनचा, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेण्याचा, विक्रम केला आणि लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. त्या धावांची चित्रफीत पाहताना चेंडूवरची नजर हटवून त्याच्या पुढे धावणाऱ्या ठेंगण्या, रुंद माणसावर ठेवली, तर निम्म्याहून अधिक गोष्ट टॉमलिन्सनला चेंडू मिळण्याआधीच घडलेली दिसते.

नीलच्या हाती चेंडू आल्याचा सर्वांत प्रसिद्ध क्षणही असाच आहे. 8 जानेवारी 2000 रोजी नॅशव्हिलमध्ये बफेलो बिल्सने नीलच्या टेनेसी टायटन्सविरुद्ध सोळा सेकंद उरले असताना 16-15 अशी आघाडी घेतली. त्यानंतरची आखूड किक नीलने झेलली आणि चेंडू लगेच फ्रँक वायचेककडे सोपवला. वायचेकने तो मैदानाच्या दुसऱ्या बाजूला केव्हिन डायसनकडे फेकला आणि डायसन 75 यार्ड धावत गेला. टायटन्स 22-16 ने जिंकले. ‘म्युझिक सिटी मिरॅकल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रसंगात लोकांना वायचेकची फेक आठवते, डायसनची धाव आठवते. चेंडू मुळात झेलला कोणी, हे बहुतेकांना सांगावे लागते. टायटन्स संघ पुढे सुपर बोल या लीगच्या अंतिम सामन्यात सेंट लुई रॅम्सकडून 23-16 ने हरला, आणि नीलला ते विजेतेपद कधीच मिळाले नाही.

2008 साली तो बाल्टिमोर रेव्हन्समध्ये गेला आणि अकरा वर्षांची ती मालिका तेथे तुटली. गंमत अशी की त्या वर्षी रेव्हन्सकडून सर्वाधिक, म्हणजे 902 यार्ड धावणारा ले'रॉन मॅक्लेन हा स्वतः मूळचा फुलबॅकच होता. नीलला चार वेळा प्रो बोल या हंगामातील निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड मिळाली आणि 2000 च्या दशकाच्या सर्वोत्तम संघातही त्याचे नाव आले. ओहायोतील कँटन येथील हॉल ऑफ फेम या थोर व्यावसायिक खेळाडूंच्या गौरव-दालनाचे दार मात्र त्याच्यासाठी अजून उघडलेले नाही. जिम ब्राउन, लॅरी झोंका यांच्यासारखे जुने फुलबॅक तेथे आहेत, पण ते स्वतः चेंडू घेऊन धावणारे होते. ब्राउनने तर नऊ हंगामांत 12,312 यार्ड काढले. केवळ दुसऱ्यासाठी वाट काढणाऱ्याला निवड समितीने अद्याप तो मान दिलेला नाही, आणि हे मला अन्यायाचे वाटते.

भाच्यापुरते बोलायचे तर शाळेच्या पातळीवर प्रशिक्षक हे स्थान सहसा अशा मुलाला देतात, ज्याला प्रत्येक डावात कोणाला अडवायचे हे पाठ असते आणि जो धडकेला कचरत नाही. मी त्याला बाजूला सारणे म्हणणार नाही. व्यावसायिक भवितव्य मात्र अरुंद आहे. संघ आता मैदानावर तीन-तीन रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारे खेळाडू, उतरवून अधिक फेकीचा खेळ खेळतात, आणि कित्येक संघ आपल्या 53 खेळाडूंत फुलबॅक ठेवतच नाहीत. जे टिकतात ते काइल युझचेकसारखे असतात. हार्वर्डमध्ये शिकलेल्या या खेळाडूशी सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सने 2017 साली चार वर्षांसाठी 2 कोटी 10 लाख डॉलरपर्यंतचा करार केला, तो केवळ धडकांसाठी नव्हे. तो झेल घेतो, रचनेत कोठेही उभा राहतो आणि किकच्या वेळी खेळणाऱ्या विशेष पथकातही उतरतो. भाच्याला झेल घेण्याचा सराव आतापासून करायला सांगा.

दुसरी गोष्ट त्याच्या आईवडिलांसाठी. डॅलसचा डॅरिल जॉन्स्टन आणि टॅम्पा बेचा माइक अल्स्टॉट या दोन नामवंत फुलबॅकची कारकीर्द मानेच्या दुखापतीने संपली. डोके खाली घालून हेल्मेटने धडक देण्यास शालेय आणि महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये 1976 पासून बंदी आहे, तरीही दमलेला मुलगा नेमकी तीच चूक करतो. म्हणून प्रशिक्षक मान मजबूत करण्याचे व्यायाम नियमित घेतात का, डोके वर ठेवून खांद्याने अडवायला शिकवतात का आणि डोक्याला मार लागल्याचा संशय येताच मुलाला सामन्यातून बाहेर काढतात का, हे त्यांना प्रत्यक्ष भेटून विचारावे. उत्तरे समाधानकारक नसतील, तर त्याने दुसरे स्थान मागावे.